तीन कॉलममधली स्टेशनची नावं एकदम कशी सुधारायची (पांडाज, म्हणजे पायथनमधली टेबल हाताळायची लायब्ररी)

समजा मुंबई लोकलच्या प्रवाशांच्या सर्व्हेची फाइल आहे, त्यात 'चढले', 'उतरले', 'घराजवळचं' असे तीन कॉलम आणि चौथा 'लाइन'. कोणी व्हीटी लिहितं, कोणी सीएसटी (दोन्ही आताच्या सीएसएमटीचीच जुनी नावं), 2018 ला नाव बदलून प्रभादेवी झालं तरी एल्फिन्स्टन लिहिणारे आहेतच. आणि खरी डोकेदुखी दादरची, कारण दादर वेस्टर्नलाही आहे आणि सेंट्रललाही, त्यामुळे लाइन बघितल्याशिवाय हात लावता येत नाही.

बरेच जण तीन कॉलमसाठी तीच ओळ तीनदा कॉपी करतात आणि एकात नाव बदलायचं राहून जातं. त्यापेक्षा तिन्ही कॉलमच्या नावांची एक लिस्ट करून ठेवा.

आधी आजूबाजूच्या स्पेस काढा, नाहीतर 'दादर' आणि शेवटी स्पेस असलेलं 'दादर' वेगळे धरले जातात. स्ट्रिप हे एसटीआरमधलं (str, मजकुरावरच्या फंक्शनांचा गट) फंक्शन एका वेळी एकाच कॉलमवर चालतं, पूर्ण टेबलवर नाही, म्हणून लिस्टमधल्या कॉलमवर अप्लाय लावून आत लॅम्डात (नाव न देता जागीच लिहिलेलं छोटं फंक्शन) स्ट्रिप करायचं. कॉलममध्ये मधेच आकडे असतील तर ते मात्र रिकामे होतात, तेवढं आधी तपासा.

व्हीटी, सीएसटीचं सीएसएमटी करायला अट लागत नाही, रिप्लेसला जुनं-नवं अशी डिक्शनरी दिली की झालं. दादरमध्ये फक्त वेस्टर्नच्या दादरला वेगळं नाव द्यायचंय, म्हणून 'लाइन == वेस्टर्न' ही अट वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि तिची बेरीज करून (जुळलेली प्रत्येक ओळ 1 धरली जाते) किती ओळी येतात ते बघाच, शून्य आलं तर स्पेलिंगमध्येच घोळ आहे. मग 'लोक' (loc, ओळी आणि कॉलम निवडायची सोय) वापरून पहिल्या जागी अट, दुसऱ्या जागी कॉलमची लिस्ट, आणि त्याच तुकड्यावर रिप्लेस करून परत तिथेच भरायचं. दोन चौकटी कंस एकापुढे एक लावून भरायला गेलात तर कॉपी बदलते, मूळ टेबल जसंच्या तसं.

रिप्लेसमध्ये रेजेक्स (मजकुराचा तुकडा जुळवणारा पॅटर्न) चालू करायचा मोह आवरा. रिप्लेस डिक्शनरीने पूर्ण सेल जुळला तरच बदलतो आणि इथे तेच हवंय, कारण रेजेक्सने 'परळ' बदलायला गेलात तर 'लोअर परळ' पण बदलतं आणि ती तर दोन वेगळी स्टेशनं आहेत. एल्फिन्स्टनची पाच-सहा स्पेलिंग असतील तर युनिकने (कॉलममधली वेगवेगळी मूल्यं एकेकदा देणारं फंक्शन) सगळी काढून डिक्शनरीत टाका, हाताने करावं लागतं पण चुकत नाही.

शेवटी तिन्ही कॉलमचं व्हॅल्यू काउंट्स (कोणतं नाव किती वेळा आलंय ते) आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून बघा, सेंट्रलचे दादर तेवढेच राहिलेत ना.