दुर्गम प्रवासासाठी लॅपटॉपवर जीपीएस : या चुका टाळा

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस रिसीव्हर नसतोच, पण घरात बसून नकाशा उघडला की आपले ठिकाण बऱ्यापैकी अचूक दिसते आणि इथेच फसगत होते. ते ठिकाण म्हणजे आसपासच्या वाय-फायवरून बांधलेला अंदाज असतो, आणि नेटवर्क संपले की तोही संपतो. म्हणून यूएसबीला जोडायचा स्वतंत्र रिसीव्हर घ्यावा आणि निघण्यापूर्वी इंटरनेट पूर्ण बंद करून, उघड्या आकाशाखाली सगळी जुळणी चालवून पाहावी. प्रवासाच्या पट्ट्याचा नकाशा सर्व झूम पातळ्यांसह खरोखर डिस्कवर उतरला आहे की नाही, हेही तेव्हाच कळते.

रिसीव्हर जोडूनही नकाशावरची खूण हलत नसेल, तर तो बिघडला असे लगेच ठरवू नये. घोळ बहुधा पोर्टमध्ये असतो. विंडोजवर असे अनेक रिसीव्हर कॉम पोर्ट म्हणून, म्हणजे COM3 सारखा क्रमांक असलेली सिरियल जोडणी म्हणून दिसतात आणि यूएसबीची जागा बदलली की त्या पोर्टचा क्रमांकही बदलू शकतो. शिवाय एक पोर्ट सहसा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो, त्यामुळे मागे दुसरा नकाशा उघडा राहिला असेल तर नव्याला माहिती मिळत नाही. लिनक्सवर जीपीएसडी ही रिसीव्हरची माहिती एकाच वेळी अनेक प्रोग्रामना वाटणारी सेवा वापरल्यास ही अडचण येत नाही. कधी कधी विंडोज रिसीव्हरला सिरियल माऊस (सिरियल पोर्टला जोडायचा जुन्या पद्धतीचा माऊस) समजते आणि कर्सर स्वतःहून उड्या मारू लागतो. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो चुकीचा माऊस तेवढा डिसेबल करावा.

नेमका दोष शोधायचा तर टर्मिनल प्रोग्रामने (पोर्टवर येणारा मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या प्रोग्रामने) पोर्ट उघडून येणाऱ्या ओळी स्वतः वाचाव्यात, याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा दिसत नाही. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या एनएमईए ओळी, म्हणजे रिसीव्हर ज्या ठरावीक स्वरूपात माहिती पाठवतो त्या ओळी, आल्या म्हणजे जोडणी ठीक आहे. निरर्थक अक्षरे दिसली तर बहुधा बॉड रेट, म्हणजे पोर्टवरून माहिती येण्याचा ठरवलेला वेग, चुकला आहे. जुन्या रिसीव्हरसाठी ४८०० आणि अनेक नव्यांसाठी ९६०० वापरून पाहावा. यांपैकी वेळ आणि स्थान सांगणाऱ्या आरएमसी ओळीत वेळेच्या पुढे ‘व्ही’ असेल तर स्थान अजून मिळालेले नाही, ‘ए’ आला की मिळाले. ‘व्ही’ हटत नसेल तर केबल बदलण्यात अर्थ नाही, रिसीव्हरला आकाश दिसायला हवे. धातूचा थर असलेल्या काचेमागे ते नीट दिसत नाही. बराच काळ बंद असलेल्या रिसीव्हरला उपग्रहांची माहिती नव्याने घ्यावी लागते आणि संपूर्ण अल्मनॅक (सर्व उपग्रहांच्या कक्षांची ढोबळ माहिती) प्रसारित व्हायलाच साडेबारा मिनिटे लागतात, म्हणून निघण्याआधी त्याला एका जागी थांबून वेळ द्यावा.

सर्वांत धोकादायक चूक मात्र अक्षांश-रेखांश लिहिण्यात होते, कारण तिथे पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसत नाही. ३० अंश ३० मिनिटे म्हणजे ३०.५ अंश, ते ३०.३० असे भरले तर अक्षांशात सुमारे २२ किलोमीटरचा फरक पडतो. जुना कागदी नकाशा स्कॅन करून वापरताना त्याचा डेटमही, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा आधार-आराखडाही, तपासावा, कारण जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा जागतिक डेटम वापरते आणि जुन्या स्थानिक डेटमवरील नकाशात खूण शेकडो मीटर सरकू शकते.

विजेचे म्हणाल तर लॅपटॉपची झोपण्याची सोय आणि यूएसबीची वीजबचत दोन्ही बंद ठेवावीत, आणि गाडीत इन्व्हर्टरऐवजी लॅपटॉपला जुळणारा डीसी चार्जर वापरावा.