सर्व्हरवरून मेल बाहेर जात नाही? आधी एरर नीट वाचा

‘इन्व्हॉइस पार्टीला पोचलंच नाही’ असा अकाउंट्सचा फोन आला की बरेच जण आधी फायरवॉलच बंद करतात. मीही केलंय. एकदा अर्धा दिवस नियम उलटेसुलटे करून झाल्यावर कळलं, पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो क्रमांक) होस्टिंगवाल्यानेच अडवलं होतं.

सर्व्हरवर लॉगिन करून नेटकॅटने (पोर्ट लागतं का ते बघायची कमांड) जीमेलच्या एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या, सर्व्हरची २५ आणि ५८७ ही पोर्ट तपासा, मग एखाद्या वेबसाइटचं ४४३, म्हणजे फक्त मेलच अडतोय की सगळंच, ते कळेल. टाइमआउट पाच सेकंदांचा ठेवा, नाहीतर दोन मिनिटं नुसते स्क्रीनकडे बघत बसाल.

आता एरर. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ झटक्यात आलं, तर कुणीतरी स्पष्ट नकार दिलाय: पत्ता किंवा पोर्ट चुकलंय, नाहीतर फायरवॉलचा नियम ‘रिजेक्ट’ आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे वाटेत पॅकेट कुणीतरी गुपचूप गिळलं. सर्व्हरच्या नावावरून पत्ताच सापडत (‘रिझॉल्व्ह’ होत) नसेल तर मेलला हात लावू नका. नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचं पोर्ट ५३ बघा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही.

गिळलं कुणी? एका विंडोत टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, दुसरीतून पुन्हा कनेक्ट करा. ‘सिन’ (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) बाहेर पडतंय, पण ‘सिन-अ‍ॅक’ (समोरून त्याला होकार) येत नाही, असं असेल तर बहुधा तुमच्या सर्व्हरचा दोष नाही. ऑफिसची फायरवॉल किंवा होस्टिंगवाला तपासा. अ‍ॅमेझॉन ईसी२ आणि गूगल क्लाउडवर बाहेर जाणारं २५ मुळातच बंद असतं. तिथे भांडत बसण्यापेक्षा ५८७ वरून, युजरनेम-पासवर्ड देऊन, रिलेमार्फत (तुमचा मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या मेल सर्व्हरमार्फत) मेल पाठवा.

सिनच दिसत नसेल तर अडथळा घरातलाच. आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या स्वतःच्या फायरवॉलच्या) ‘आउटपुट’ चेनमधले, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांचे, काउंटर बघा. प्रत्येक प्रयत्नाला ज्या ‘ड्रॉप’ नियमाचा आकडा वाढतो, तोच चोर. सीएसएफ (सर्व्हरवर वापरतात तो फायरवॉलचा एक तयार प्रोग्रॅम) असेल तर ‘टीसीपी_आउट’च्या यादीत पोर्ट आहे का आणि ‘एसएमटीपी_ब्लॉक’ चालू आहे का, तेही पाहा.

सगळ्यात वैताग आणणारा प्रकार: शेलमधून सगळं लागतं, वेबसाइटवरून मात्र ‘परमिशन डिनाइड’. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर हे बहुतेकदा एसईलिनक्सचं (कोणत्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचं) काम असतं. ते अख्खं बंद करू नका. ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ एवढंच सेटसीबूल या कमांडने चालू करा, कॅपिटल ‘पी’चा पर्याय देऊन. तो राहिला तर पुढच्या रीबूटनंतर अकाउंट्सचा फोन परत येतो.