ट्रायमिक्स इंजेक्शन घेताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या एका युरॉलॉजी ओपीडीत मी रुग्णांना ट्रायमिक्स टोचायला शिकवतो. लिंगाला ताठरता यावी म्हणून लिंगातच टोचायचं, पापाव्हेरिन, फेंटोलामाइन आणि अल्प्रोस्टाडिल यांचं हे मिश्रण. गोळ्यांनी गुण येत नाही, मधुमेह जुना आहे किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, अशांना ते खरंच उपयोगी पडतं. पण लाजेपोटी लोक नीट विचारत नाहीत आणि तिथेच घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ सिरिंजचा. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर तीच सिरिंज उचलली जाते. लाल टोपणाची मिलीला ४० युनिटची, नारिंगी टोपणाची मिलीला १०० युनिटची. नारिंगीवर १० युनिट म्हणजे ०.१ मिली, लालवर तेच १० म्हणजे ०.२५ मिली. अडीचपट डोस! डॉक्टरांकडून डोस मिलीमध्येच लिहून घ्या, सिरिंजही त्यांनाच दाखवा. मित्राचा डोस तर मुळीच उसना घेऊ नका, प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी असू शकते. पहिला डोस दवाखान्यातच.

सुई लिंगाच्या बाजूनेच टोचायची, घड्याळातल्या १० किंवा २ च्या जागी. वरच्या बाजूला रक्तवाहिन्या आणि नसा, खाली मूत्रनलिका. दर वेळी बाजू बदला, नाहीतर आत व्रण धरून वाकडेपणा येतो. नंतर ५ मिनिटं दाबून धरा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर आधीच सांगा.

परिणाम झाला नाही? त्याच रात्री दुसरं इंजेक्शन नको, वरून सिल्डेनाफिलही (ताठरतेची गोळी) नको. २४ तासांत एकदाच. आधी बाटली तपासा. अल्प्रोस्टाडिलला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात वाशीहून लोकलने खिशात घालून आणलेलं औषध बिघडलेलं असू शकतं. बर्फाच्या पिशवीसोबत आणा, घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये.

आणि ताठरता उतरली नाही तर सकाळची वाट बघू नका, ही माझी कळकळीची विनंती. ४ तासांच्या पुढे आतलं रक्त साकळून ऊतींना इजा होते, ती कायमची राहू शकते. घोडबंदर रोडची कोंडी ठाऊक आहे ना? मग तिसऱ्या तासालाच हॉस्पिटलला निघा. तिथे सुईने रक्त काढतात, गरज पडली तर फेनिलेफ्रिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) देतात. कॅज्युअल्टीत औषधाचं नाव आणि टोचल्याची वेळ स्पष्ट सांगा. बाटली सोबत न्या.