ट्रक घ्यायचाय? आधी उभ्या गाडीचा खर्च मांडा
नवीन ट्रक घेणारे बहुतेक जण एकच हिशोब करतात, भाडं एवढं, डिझेल एवढं, हप्ता एवढा, उरलं ते आपलं. असं करू नका रे. वहीत दोन रकाने पाडा, एक गाडी पळाली की होणारा खर्च आणि दुसरा गाडी दारात उभी असली तरी होणारा. माणूस मार खातो तो या दुसऱ्यात.

हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स, परमिट, ड्रायव्हरचा पगार, सगळं त्यात. समजा १८.५ टन पासिंगची (मालासकट एवढं एकूण वजन चालणारी) गाडी आहे, तर २०२२ ला ठरलेल्या दराने १२ ते २० टनातल्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा) इन्शुरन्स वर्षाला ३५,३१३ रुपये, जीएसटी वेगळा, वर नॅशनल परमिटची (राज्याबाहेर माल नेण्याच्या परवान्याची) एकत्रित फी वर्षाला १६,५००, म्हणजे फक्त या दोनसाठी महिन्याला ४,३०० च्या वर बाजूला काढावे लागतात. पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर ज्या महिन्यात इन्शुरन्स येतो त्याच महिन्यात हप्ता थकतो. आणि थर्ड पार्टीत आपल्या गाडीचं नुकसान मिळत नाही, म्हणून फुल पॉलिसीच घ्या.

पळतीचा खर्च सगळ्यांना माहितीये, डिझेल, टोल, टायर, भत्ता, बीएस सिक्सला (नव्या प्रदूषण नियमाच्या गाडीला) डीईएफ, म्हणजे धूर साफ करायचं युरियाचं पाणी. फक्त भाडं ठरवताना येतानाचे किलोमीटरही धरा, परतीचा माल मिळेलच असं नसतं.

आता कागद. नवीन गाडीला फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं आरटीओचं सर्टिफिकेट) २ वर्षांचं, पुढे गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि मग दरवर्षी. उशीर केला तर दिवसाला ५० रुपये जादा, ते एकवेळ परवडेल पण फिटनेस संपलेलं असताना अॅक्सिडेंट झाला की क्लेम अडकतो. बीएस फोर आणि सिक्सला पीयूसी वर्षभर चालते. गाडीचं मालासकट एकूण वजन ३ टनाच्या आत असेल तर परमिट लागत नाही.

राज्याबाहेर जाणारा ५०,००० च्या वरचा माल असला की ई-वे बिल (जीएसटीच्या पोर्टलवर काढलेला माल वाहतुकीचा कागद) बघूनच गाडी हलवा. बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस मिळते, गाडी रस्त्यात बंद पडली तर मुदत संपायच्या आधी किंवा नंतर ८ तासांच्या आत वाढवून घ्या, आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलात गाडी नंबर बदलायलाच हवा.

ओव्हरलोडच्या नादी अजिबात लागू नका. दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, म्हणजे ३ टन जास्त भरले की २६,०००, शिवाय जादा माल तिथेच आपल्या खर्चाने उतरवायचा. भरल्यावर काटा करून (वजनकाट्यावर गाडीचं वजन करून) पावती गाडीतच ठेवा.

१० पर्यंत गाड्या असतील तर इन्कम टॅक्सला सोपा मार्ग आहे, १२ टनाच्या वरच्या गाडीला महिन्याला एकूण वजनाच्या टनामागे १,००० रुपये उत्पन्न धरतात, गाडी उभी असली तरी. भाडं देणाऱ्या पार्टीला पॅन आणि १० पेक्षा जास्त गाड्या नाहीत असं डिक्लेरेशन आधीच देऊन ठेवा, म्हणजे भाड्यातून टीडीएस कापत नाहीत.