जुन्या वळणाचा ड्रेस स्वतः बेतताना

जुन्या काळचा वाटणारा ड्रेस शिवायचे मनात आले की बहुतेक जण आधी कापड आणतात, आणि ते हमखास ठिपक्यांचे किंवा बारीक फुलांचे असते. ठिपक्यांशी माझे वैर नाही. पण ड्रेसला त्याचा काळ मिळतो तो छापामुळे नव्हे, तर बेतण्यामुळे. कंबररेषा कोठे आहे, खांदा किती रुंद आहे, घेर कोठून सुटतो आणि लांबी कोठे संपते, एवढे जमले तर एकरंगी सुती कापडातही तो काळ उभा राहतो. हे बिघडले तर कितीही लेस लावली तरी तो नाटकातला पोशाख दिसतो.

म्हणून पहिला निर्णय दशकाचा असावा. १९२० नंतरच्या दशकात कंबररेषा खाली घसरून नितंबांवर आली आणि ड्रेस सरळ नळकांड्यासारखा झाला. १९३० नंतर उरेब कापडाचा, म्हणजे धाग्याच्या दिशेला तिरके कापलेल्या कापडाचा, अंगासरशी उतरणारा ड्रेस रूढ झाला. पॅरिसच्या माद्‍लेन व्हिओने या फॅशनकार बाईंनी ही कापणी कळसाला नेली. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांवर नियंत्रण होते, आणि त्या काळच्या ड्रेसचा आटोपशीर घेर व गुडघ्यापर्यंतची लांबी या टंचाईतून आली. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी फॅशनकार ख्रिस्तियान दिओर यांनी पॅरिसमध्ये आवळलेली कंबर आणि भरपूर घेराचा स्कर्ट पुढे आणला आणि पुढचे जवळपास दशकभर तेच वळण चालले. पहिल्या प्रयत्नासाठी मी याच वळणाचा ड्रेस सुचवेन, कारण त्यात अवघड काम कंबरेच्या वर संपते आणि खाली केवळ वर्तुळाचे गणित उरते. उरेब ड्रेस कागदावर सोपा दिसतो, पण त्याचे कापड टेबलावरच ताणले जाऊन हाताबाहेर जाते.

मापे घेताना ड्रेसच्या आत जे घालायचे आहे तेच अंगावर असावे. जुन्या छायाचित्रांतली बारीक कंबर बऱ्याचदा आतल्या आवळपट्ट्यांनी घडवलेली असे, त्यामुळे तिच्यावरून आपले माप ठरवू नये. कंबरेभोवती एक नाडी बांधून दोनचार वेळा डावीउजवीकडे वाकावे. नाडी जेथे स्थिरावते तीच खरी कंबर. छातीच्या मापात ५ ते ६ सेंमी आणि कंबरेच्या मापात २ सेंमी सैलपणा धरावा. जुना कागदी पॅटर्न, म्हणजे कापड बेतण्याचा छापील खाका, मिळाला असेल तर त्यावरील साइजच्या आकड्यावर विसंबू नये; तो आकडा आजच्या त्याच आकड्यापेक्षा बराच लहान निघतो. पाकिटावर छापलेली छाती-कंबरेची मापे तेवढी पाहावीत.

वरच्या भागाचा, म्हणजे बॉडिसचा, खाका अंगाला नीट बसणाऱ्या साध्या बॉडिसवरून काढता येतो. त्यातले डार्ट, म्हणजे कापडाला गोलाई देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या दुमडी, हलवणे हेच खरे डिझाइन आहे. समजा, डार्ट बगलेखालच्या शिवणीत आहे आणि आपल्याला तो खांद्यावर हवा आहे. कागदावर खांद्यापासून छातीच्या उंच बिंदूपर्यंत रेघ मारून ती कापावी आणि जुना डार्ट दुमडून चिकटवावा. कापलेली रेघ आपोआप उघडते आणि तेवढाच डार्ट खांद्यावर तयार होतो. शिवताना मात्र डार्टचे टोक त्या बिंदूच्या २ ते ३ सेंमी आधीच थांबवावे, नाहीतर कापडाला चोच आल्यासारखी दिसते.

यानंतरची पायरी कंटाळवाणी आहे, आणि सर्वांत मोलाची आहे. मांजरपाटाचा कच्चा बॉडिस शिवून, उलटा न करता, शिवणी बाहेर ठेवूनच अंगावर चढवावा आणि आरशासमोर नुसते उभे राहावे. सुरकुत्या काय सांगतात ते पाहावे. छातीवर आडव्या रेषा ओढल्या गेल्या असतील तर तेथे कापड कमी पडते आहे. मानेखाली पाठीवर आडवी घडी पडत असेल तर पाठीची लांबी जास्त झाली आहे. ती घडी टाचणीने धरून कागदावरही तेवढीच दुमडावी. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, तोकडा वाटला म्हणून लगेच खोल कापू नये. खोल मुंढ्यामुळे हात वर केला की सगळा ड्रेस वर चढतो, आणि कापलेले कापड परत जोडता येत नाही. माझा एक ड्रेस याच घाईपायी केवळ हात खाली ठेवून घालण्यापुरता उरला आहे.

स्कर्टसाठी कंबरेचे माप सैलपणासह ७४ सेंमी धरू. पूर्ण वर्तुळाच्या स्कर्टसाठी त्याला ६.२८ ने भागले की ११.८ सेंमी त्रिज्या मिळते. अर्ध्या वर्तुळासाठी ३.१४ ने भागले की २३.६ सेंमी. लांबी ६५ सेंमी असेल तर पूर्ण वर्तुळाचा खालचा घेर सुमारे ४८० सेंमी होतो आणि अर्ध्याचा सुमारे २८० सेंमी. पूर्ण वर्तुळ ११० सेंमी पन्ह्याच्या कापडातून दोन अर्ध्या भागांत कापले तर नुसत्या स्कर्टलाच सव्वातीन मीटर कापड लागते. रोज घालायच्या ड्रेसला अर्धे वर्तुळ पुरते, असे माझे मत आहे. आखलेली त्रिज्या ही शिलाईची रेघ आहे. कापताना तिच्या आत माया, म्हणजे शिवणीसाठीचे जादा कापड, सोडावी. माया एरवी १.५ सेंमी पुरते, बगलेखालच्या शिवणीत मात्र २.५ सेंमी ठेवावी, म्हणजे पुढे ड्रेस सैल करता येतो.

कापड मध्यम वजनाचे, पॉपलिन किंवा लिननसारखे, घ्यावे, आणि कापण्यापूर्वी ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. कापल्यावर लगेच गळ्याला आणि स्कर्टच्या कंबरेला मायेच्या आत एकेरी टीप मारून ठेवावी. या कडा तिरक्या असल्यामुळे नुसत्या हाताळण्यानेही ताणतात. मग डार्ट, खांदे, गळ्याची आतली पट्टी, बाह्या किंवा मुंढ्याची पायपिंग, बगलेखालच्या शिवणी आणि शेवटी स्कर्ट, असा क्रम ठेवावा. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री फिरवावी. डार्टची इस्त्री सपाट टेबलावर न करता घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर करावी, म्हणजे शिवलेली गोलाई चेपत नाही.

त्या काळच्या ड्रेसची चेन बहुधा डाव्या बाजूच्या शिवणीत, बगलेच्या थोडी खाली सुरू होऊन कंबरेच्या खाली संपणारी, असे. पाठीवरची चेन लावायला सोपी, पण बाजूची चेन लावली तर पाठ अखंड दिसते. तिच्यासाठी गळा डोक्यातून सहज जाईल एवढा ठेवावा लागतो. स्कर्टचे वजन कंबरेच्या शिवणीला खाली ओढते, म्हणून आतून कंबरेच्या नेमक्या मापाची न ताणणारी फीत चार-पाच ठिकाणी हाताने टाचून तिच्या टोकांना हूक लावावेत. आधी हूक, मग चेन. अशाने चेनवर ताण येत नाही.

खालचा काठ त्याच दिवशी दुमडू नये. वर्तुळाचे उरेब भाग स्वतःच्या वजनाने लोंबतात, त्यामुळे ड्रेस किमान एक दिवस टांगून ठेवावा. नंतर तो अंगावर घालून, दुसऱ्या कोणाला तरी जमिनीपासून सारख्या उंचीवर पट्टी धरून खडूच्या खुणा करायला सांगाव्यात. गोल काठाला रुंद दुमड बसत नाही, चुण्या पडतात. १ सेंमीची अरुंद दुमड पुरे. ती हाताने शिवायची असेल तर प्रत्येक टाक्यात वरच्या कापडाचा एकच धागा उचलावा आणि दोरा सैल सोडावा, म्हणजे उजव्या बाजूने शिलाई दिसत नाही.