नाल्याच्या पाण्यावरची भाजी आणि बायोचार: करायचा कसा, घालायचा किती

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, बायोचार म्हणजे कमी हवेत जाळलेल्या काडीकचऱ्याचा कोळसा, तो सांडपाण्यातून मातीत आलेले कॅडमियम, शिसं असे विषारी धातू बाहेर काढत नाही, तो ते धरून ठेवतो, त्यामुळं मुळांना कमी मिळतं. सांगलीत शेरीनाल्यासारख्या सांडपाण्याच्या कडेला किंवा एमआयडीसीच्या खालच्या अंगाला कुणी पालक-मेथी करत असेल तर हे कामाचं आहे. पण अगोदर माती तपासा. नेहमीच्या माती परीक्षणात हे धातू बघत नाहीत, लॅबला वेगळं सांगावं लागतं. नमुना वरच्या सहा इंचातला घ्या, जस्ताच्या बादलीत नको, प्लास्टिकच्या. आर्सेनिक जास्त निघालं तर इथंच थांबा, बायोचारनं ते उलट सुटं होऊ शकतं.

आता कच्चा माल. तासगाव-मिरज भागात द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात म्हणून त्याच वापरायचा मोह होतो, पण त्यांच्यावर बोर्डो मारलेलं असतं, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मोरचुदात तांबं असतं, आणि काडी जळून हलकी झाली तरी तांबं जात नाही, कोळशात उलट दाट होतं. एक धातू आवरायला दुसरा कशाला घालायचा? तुराट्या, मक्याची बुरकुंडं, बाभळीच्या फांद्या घ्या, सगळं वाळलेलं.

तीनेक फूट खोल, वर रुंद खाली निमुळता खड्डा काढा, थोडं सरपण टाकून वरून पेटवा, थरावर पांढरी राख धरायला लागली की लगेच पुढचा थर टाका. भरला की भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवा, निखारा आत राहिला तर सकाळी नुसती राख मिळेल. बारीक कुटताना ओला ठेवा, तोंडाला फडकं बांधा. मग शेणखतात निम्मं-निम्मं मिसळून दोनेक आठवडे ओलसर ठेवा, कोरा घातला तर सुरुवातीला नत्र ओढून घेतो आणि भाजी पिवळी पडते.

गुंठ्यात वरच्या सहा इंचात साधारण 20 टन माती असते, एक टक्का म्हणजे 200 किलो बायोचार. एकदम सगळीकडं नको, एका वाफ्यात घाला, शेजारचा तसाच ठेवा. महाबळेश्वर-पाटणकडच्या आम्लट तांबड्या मातीत फरक जास्त पडतो कारण बायोचार मातीचा सामूही (pH) वाढवतो, आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात सामू आधीच चढा, तिथं जास्त घातला तर लोह-जस्ताची कमतरता दिसेल.

पालेभाजी कॅडमियम जास्त ओढते, भेंडी, दोडका, टोमॅटो कमी, म्हणून पिकाची निवडही बदला. शिसं बरंचसं पानावरच्या मातीतून पोटात जातं, तेव्हा भाजी तीन पाण्यांनी धुवा. शेवटी दोन्ही वाफ्यांतली भाजी लॅबला द्या, पालेभाजीत कॅडमियमची कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा किलोला 0.2 मिलिग्रॅम आहे. त्याच्या वर आलं तर तिथं झेंडू करा, आणि उपटलेली भाजी गुरांना घालू नका, शेणातून तोच धातू परत रानात येतो.