रडार-चित्रांवरून अरबी समुद्रातील तेलतवंग कसा ओळखावा

पावसाळ्याच्या तोंडावर गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यावर डांबरगोळे (समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट झालेले गोळे) येऊन पडतात, तोवर तेल सोडणारे जहाज कुठल्या कुठे निघून गेलेले असते. म्हणून नजर खोल समुद्रावर आणि आधीपासूनच ठेवावी लागते. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार-चित्रे त्यासाठी सर्वांत उपयोगी पडतात. ढग आणि अंधार यांचा रडारला अडथळा होत नाही आणि कोपर्निकस या युरोपीय पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यास ती विनामूल्य मिळतात.

आयडब्ल्यू या रुंद पट्टा टिपण्याच्या पद्धतीचे, सुमारे 250 किमी रुंद पट्ट्याचे जीआरडी (जमिनीवरील अंतरानुसार मांडलेले, तयार) चित्र घ्यावे आणि त्यातील व्हीव्ही ध्रुवीकरण (उभ्या दिशेने सोडलेल्या व उभ्याच दिशेने परत घेतलेल्या लहरींचे चित्र) निवडावे. ‘स्नॅप’ या मोफत प्रणालीत कक्षेची दुरुस्ती (उपग्रहाच्या नेमक्या मार्गाची नोंद लावणे) व अंशांकन (चित्रातील आकडे संकेताच्या खऱ्या ताकदीत बदलणे) करून जमिनीचा भाग झाकावा, मग चित्रातील रवाळपणा कमी करणारी गाळणी लावावी. गाळणीची चौकट (ती एका वेळी जितके ठिपके एकत्र पाहते तो चौकोन) मात्र लहान ठेवावी, कारण जहाजामागची अरुंद रेघ मोठ्या चौकटीत पुसली जाते.

तेलाचा थर पाण्यावरील काही सेंटिमीटरच्या लहरी दाबतो, रडारकडे परतणारा संकेत क्षीण होतो आणि तवंग काळा दिसतो. पण प्रत्येक काळा डाग तेलाचा नसतो, आणि या कामातला खरा कस इथेच लागतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला 3 मीटरहून कमी असेल, तर स्वच्छ पाणीही काळे दिसते. हा उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जात असल्याने किनाऱ्यालगतच्या मंद वाऱ्याचे असे डाग सकाळच्या चित्रांत बरेच सापडतात. उलट वेग 10 ते 12 मीटरच्या पुढे गेला की पातळ तवंग लाटांत मिसळून दिसेनासा होतो. हिवाळ्याच्या अखेरीस उत्तर अरबी समुद्रात फुलणारे नॉक्टिल्युका हे सूक्ष्म शैवालही चित्रात तेलासारखे काळे दिसून फसवते. त्यामुळे त्या वेळेची वाऱ्याची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढूच नये. डागाची कड ठसठशीत असेल, तो लांबट व अरुंद असेल आणि त्याच्या एका टोकाला जहाजाचा पांढरा ठिपका असेल, तर संशय बळावतो.

तवंग कुठे सरकेल, याचा ढोबळ अंदाज वाऱ्याच्या वेगाच्या 3 टक्के आणि त्यात पाण्याचा प्रवाह मिळवून बांधता येतो. वारा सेकंदाला 5 मीटरचा असल्यास केवळ त्याच्या जोरावर तेल दिवसाला सुमारे 13 किमी सरकते. थराची जाडी मात्र या चित्रावरून सांगता येत नाही.

तटरक्षक दलाला कळवताना अक्षांश-रेखांश, चित्राची वेळ, वारा आणि डागाची लांबी द्यावी, आणि पाण्याचा नमुना तपासला जाईपर्यंत ‘संशयित तवंग’ असेच लिहावे.